पिवळं बटण

"...पण मी पळालो नाही, वस्ताद. पळाली ती. मग हरलो मी कसा?"

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. खोरं मातीत रुतवलं, पोटाकडे ओढलं. लाल माती उलटी होऊन पडली.

"पाय काढ."

"काय?"

"उकरायचंय तिथंच हुबा हायस. पाय काढ."

इंद्रजित मुळीक एक पाऊल सरकला. गेल्या वर्षी पुण्याच्या स्पर्धेत फायनल हरल्यापासून तो हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता. या रविवारी पुन्हा पुणं होतं. समोर पुन्हा तीच मुलगी येणार होती. आणि म्हातारा माती उकरत होता.

कोल्हापुरातल्या चिंचेच्या तालमीत आता कुस्ती होत नाही. पैलवान आटले. काही जिममध्ये गेले, काही पुढाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. रिकाम्या तालमीत वस्तादांच्या पुतण्याने, अल्ताफने, गेमचे स्क्रीन आणून बसवले. कुस्तीच्या मातीच्या हौद्यावर फरशी घालायचीही त्याची तयारी होती. वस्ताद म्हणाले, आधी मला गाडा, मग वर फरशी घाला.

तेव्हा हौदा राहिला. त्याच्या काठावर पोरं ओळीने बसतात, चपला दाराबाहेर, अनवाणी पाय लाल मातीत, हातात रिमोट. आणि समोरच्या स्क्रीनवर लोखंडी राक्षस एकमेकांचे हात उपटतात.

गेम साधा आहे. चार मजली उंच यंत्रमाणूस असतो. त्याचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून पोरं त्याला धूड म्हणतात. धुडाच्या छातीत एक माणूस बसलेला असतो. तो म्हणजे तुम्ही. तोफा झाडा, समोरच्याचं धूड मोडा. फार झाडल्या की धूड तापतं, कोपऱ्यातली पट्टी लाल होत जाते. पुरती लाल झाली की धूड फुटतं, आतल्या माणसासकट. खेळ खलास.

त्याआधी पिवळं बटण दाबलं तर धूड थंड होऊन गुडघ्यावर बसतं, छाती उघडते आणि माणूस खाली उतरतो. हातात काही नाही, पण जिवंत. तग धरून राहिला तर आभाळातून त्याच्यासाठी नवं धूड पडतं, पण उतरण्याआधी एक तरी तोफ झाडलेली असली तरच.

हे सगळ्या जगाला माहीत आहे. चिंचेच्या तालमीलाही माहीत आहे. फक्त चिंचेच्या तालमीत पिवळं बटण कुणी दाबत नाही.

एकदा दाबलं होतं. सुजल्याने, गेम नवा नवा आला तेव्हा. वस्ताद नेमके मागे उभे होते. गेममधलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की गडी लढत सोडून खाली उतरला.

"ह्या तालमीतनं पाठ लागल्याबिगर कोण हौद्याभाईर गेलं न्हाई," ते गरजले. "उतरला त्यानं समद्यांचा चहा करायचा!"

झालं. कायदा. त्या दिवशी सुजल्याने सगळ्यांचा चहा केला, आणि त्याचं नाव उतऱ्या पडलं ते आजतागायत.

नियम करायला खेळ यावा लागत नाही. वय झालं की पुरतं.

तेव्हापासून कोल्हापूरचं पोर पुण्याला जातं, मर्दासारखं लढतं, धुडासकट जळतं आणि परत येतं. इथे पाठ थोपटतात. तिथे हसतात.

इंद्रजितचं तर आणखी वेगळं होतं. त्याने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. का सोडलं, हे घरात कुणी विचारलं नाही. आत्या, मामा, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांचं एकच वाक्य: सोडून आला. वडील पाहुण्यांना ओळखच तशी करून द्यायचे. "हा आमचा धाकटा. सोडून आला." जसं काही ते डिग्रीचं नाव आहे.

वडिलांनी स्वतः नको असलेल्या नोकरीत जन्म काढला. रोज संध्याकाळी त्या नोकरीला शिव्या घातल्या, पण सोडली नाही. याला ते चिकाटी म्हणत.

इंद्रजितने मनाशी खूणगाठ बांधली होती. यापुढे कशातूनही उतरायचं नाही. मेलो तरी.

रविवारी जिंकला तर पुण्यातल्या एका संघात त्याला जागा होती. हरला तर सोमवारपासून शिरोलीला मामाच्या फौंड्रीत. बापाशी तसं बोलणंच झालं होतं.

"वस्ताद, ऐकताय ना?"

"कान हायत मला. बोल."

"एक डाव सांगा. एकच. पट्टी लाल झाली तरी धूड फुटू नये, असा."

"असला डाव न्हाई."

"कुस्तीत असेल की एखादा..."

"कुस्तीत बी न्हाई. तापलं की फुटतंय. माणूस असू दे, न्हाईतर लोखंड."

माती मऊ राहावी म्हणून वस्तादांनी ताकाची किटली तिच्यावर धार धरून रिकामी केली. मग लिंबाची अर्धी फोड इंद्रजितसमोर धरली.

रागात असूनही त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. चिंचेच्या तालमीत वस्तादांच्या हातून काही घ्यायचं ते दोन्ही हातांनीच. एका हाताने घेणाऱ्याला इथे पाणीसुद्धा मिळत नाही.

त्याने फोड मातीवर पिळली.

"इथं कोण लढतंय आता?" तो म्हणाला. "रोज उकरता, रोज ताक घालता. कुणासाठी?"

"पडंल त्याच्यासाठी."

"पडतंय कोण?"

"पडंल की कोनतरी..."

असली उत्तरं ऐकली की इंद्रजितच्या डोक्यात तिडीक जायची. म्हाताऱ्यांना सरळ बोलता येत नाही, आणि त्याला लोक शहाणपण म्हणतात.

वस्ताद खोऱ्यावर हनुवटी टेकून उभे राहिले.

"ती पोरगी शेवटाला तुला काय म्हनली?"

"कोण, ऋजुता? हात मिळवायला आली. म्हणाली, तू उतरला का नाहीस?"

"टोमणा मारला?"

इंद्रजितने आठवून पाहिलं. चष्म्याआडचे तिचे डोळे अजून त्याच्या डोळ्यांसमोर होते. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"नाही. खरंच विचारत होती."

"मग तू?"

"म्हटलं, आमच्याकडं उतरत नाहीत."

"मग ती?"

"म्हणाली... का?"

"मग?"

हातातली लिंबाची साल इंद्रजितने उगाचच दुमडली.

"मग काय. उत्तर होतं माझ्याकडं. पण तोंडात आल्यावर कळलं, ते तुमचं आहे. माझं नाही."

"हं."

"हं काय, वस्ताद? नियम तुम्ही केलात. तुम्हाला त्या गेममध्ये धड चालता येत नाही. कधी रिमोट हातात धरला नाहीत. आणि तुमच्या नियमापायी मी पुण्यात सगळ्यांसमोर जळालो. परत आलो तर तुम्ही पाठ थोपटलीत. शाब्बास म्हणालात! कशाबद्दल शाब्बास?"

पलीकडे स्क्रीन पुसणारा अल्ताफ थांबला. सुजल्या नुकताच दारात आला होता. एक चप्पल काढलेली, एक पायात, असा तो तिथेच थिजला. त्याच्या मागे आणखी दोघंतिघं.

या तालमीत वस्तादांशी असं कुणी बोललं नव्हतं.

वस्तादांनी खोऱ्याने एक ढेकूळ फोडलं.

"झालं?"

"झालं."

"कालेज सोडलंस तवा जळालास काय रं?"

"तेव्हा नाही." इंद्रजितचा आवाज खाली आला. "त्यानंतर. रोज. लोक जाळतात."

"लोक..."

"हो. लोक. तुम्ही पण त्यातलेच."

वस्तादांनी खोरं मारुतीच्या कोनाड्याशेजारी भिंतीला टेकवलं. हात लुंगीला पुसले.

"अल्ताफ, एक रिमोट आण मला."

"चाचा, तुम्हाला?"

"न्हाईतर कुनाला? हे चालवायचं कसं ते दाव. इंद्या, बस. एक लढत तुझी-माझी."

पोरं आत घुसली. काठावर जागा धरायला ढकलाढकली झाली. चिंचेच्या तालमीत दस्तगीर वस्ताद धूड चालवणार! कुणी मोबाइल काढला. सुजल्याने त्याच्या हातावर चापट मारली.

वस्ताद काठावर बसले. पाय मातीत. रिमोट त्यांनी असा धरला, जसं दुसऱ्याचं तान्हं पोर धरावं.

"ह्यातलं पिवळं ते हेच न्हवं?"

"हा, पण ते दाबायचं नसतं, चाचा."

"मला शिकिवतोस?"

शिट्टी झाली. दोन्ही स्क्रीन उजळले. ओसाड शहर, पडके पूल, मध्ये मोकळं मैदान. एका टोकाला इंद्रजितचं काळं धूड. दुसऱ्या टोकाला वस्तादांचं, कोरं करकरीत, ओरखडासुद्धा नसलेलं.

इंद्रजितने पहिलं पाऊल टाकलं.

वस्तादांनी पिवळं बटण दाबलं.

ते कोरं धूड गुडघ्यावर बसलं. छाती उघडली. एक मुंगीएवढा माणूस खाली उतरला आणि पडक्या पुलाच्या सावलीत शिरला.

छप्पर उडेल असा गलका झाला.

"उतरला रं उतरला!"

"वस्ताद उतरले!"

सगळ्यात मोठ्याने सुजल्या हसत होता. का नाही हसणार?

वस्तादांनी माणसाला थोडा चालवला. भिंतीला धडकवला, मागे आणला, परत चालवला. रस्ता ओलांडून त्याला कुठेतरी नेऊन उभा केला. मग रिमोट हलकेच मातीवर ठेवला आणि उठले.

"कुठं निघालात?" इंद्रजित ओरडला. "लढत चाललीय!"

"उतरलो न्हवं. चहा करायचाय."

कोपऱ्यातल्या शेगडीकडे जाऊन त्यांनी पातेलं चढवलं.

इंद्रजितच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा काय पोरखेळ? त्याने तोफ उचलली आणि वस्तादांचं रिकामं, गुडघ्यावर बसलेलं धूड फोडून काढलं. मान उडवली, हात उडवले. मेलेल्याला मारावं तसा मारत राहिला. लढत काही संपली नाही. माणूस जिवंत होता.

"कुठं लपवलाय?"

"शोध की," शेगडीकडून आवाज आला. "आलं घालू काय रं सगळ्यांना?"

"घाला!" पोरं म्हणाली.

इंद्रजितने पूल पाडला. पुलाखाली कुणी नव्हतं. घरं पाडली. पाण्याची टाकी पाडली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आग लावली, मग धूर निवायची वाट बघत तोफा रोखून मध्यभागी उभा राहिला. काही हललं की झाड. काही हललं नाही तरी झाड. पट्टी पिवळी झाली, नारिंगी झाली.

बाजूच्या स्क्रीनकडे, वस्तादांच्या स्क्रीनकडे, त्याचं लक्ष नव्हतं. पोरांचं होतं. ती हळूहळू गप्प होत गेली.

त्या स्क्रीनवर, त्या छोट्या माणसाच्या डोळ्यांतून, दोन लोखंडी पावलं दिसत होती. एवढी मोठी की वरचं काही दिसत नव्हतं. दोन पावलांमध्ये थोडंसं आभाळ, बास.

"इंद्या," सुजल्या हळूच म्हणाला. "त्यो तुझ्या पायाशी हाय."

इंद्रजितने खाली बघायचा प्रयत्न केला. धुडाच्या छातीतून सगळं शहर दिसतं. फक्त धुडाचे स्वतःचे पाय दिसत नाहीत.

पट्टी लाल झाली. भोंगा वाजायला लागला.

"थंड कर, थंड कर!" अल्ताफ म्हणाला.

"होत नाही आता. फार झाडल्या."

"मग उतर!"

असं याआधी इथे कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. अल्ताफ स्वतःच दचकला.

इंद्रजितने दात आवळले. एक पाऊल उचलून आदळलं, की खालचा माणूस चिरडला आणि जिंकलो. पण कुठलं पाऊल? डावं की उजवं? त्याने अंदाजाने उजवं आदळलं. भोंगा आणखी वाढला. लढत संपली नाही.

वस्ताद ट्रे घेऊन आले.

पहिला कप त्यांनी इंद्रजितला दिला नाही. अल्ताफलाही नाही. काठाच्या टोकाला बसलेल्या सुजल्यासमोर धरला.

"घे, सुजल."

सुजल्या बघतच राहिला. उतऱ्या नाही. सुजल्यासुद्धा नाही. दोन्ही हातांनी कप घेताना त्याच्या हातावर चहा सांडला.

मोठी माणसं चुकलो म्हणत नाहीत. फार फार तर चहा करतात.

दुसरा कप घेऊन वस्ताद इंद्रजितच्या पुढ्यात उकिडवे बसले. कप धरला.

"घे."

"थांबा, वस्ताद. जळतंय."

"चहा बी गरमच हाय."

"एक मिनिट..."

"मिनिट न्हाई तुझ्यापाशी."

वस्तादांचा हात तसाच पुढे होता. म्हातारा, शिरा टरारलेला, जराही न हलणारा. कप घ्यायचा तर दोन्ही हातांनी. दोन्ही हातांनी घ्यायचा तर रिमोट खाली ठेवायचा. रिमोट खाली ठेवला की धूड फुटणार. न ठेवावा तरी फुटणार.

भोंगा किंचाळत होता. लाल पट्टीत केसाएवढी जागा उरली होती.

इंद्रजितला त्या क्षणी वडिलांचा आवाज ऐकू आला. सोडून आला. पाहुण्यांचा चहा, बिस्किटांची बशी, आणि ते वाक्य. गेलं वर्षभर तो या आवाजाशी लढत होता, चार मजली लोखंड अंगावर चढवून.

त्याने अंगठा सरकवला.

पिवळं.

भोंगा बंद झाला. इतकी शांतता, की शेगडीवर उरलेल्या चहाची सळसळ ऐकू आली.

इंद्रजितने रिमोट मातीवर ठेवला. दोन्ही हात पुढे केले. कप घेतला.

स्क्रीनवर काळं धूड थंड होत गेलं आणि हत्ती माहुताला उतरवायला बसतो तसं गुडघ्यावर बसलं. छाती उघडली. आतून एक माणूस बाहेर आला. तारेला धरून खाली सरकला, शेवटी हात सुटला, धुळीत आपटला. उठला. कपडे झटकले.

एवढी वर्षं इंद्रजित हा गेम खेळत होता. आपला माणूस त्याने आज पहिल्यांदा पाहिला.

बुटका होता. हेल्मेट जरा ढिलं. वाकून गुडघ्यांवर हात ठेवून तो श्वास घेत होता. वाईट नव्हता दिसायला.

"उतरला रं उत..." कुणीतरी सवयीने सुरू केलं, आणि अर्ध्यातच गिळलं.

दोन पावलांवर वस्तादांचा माणूस उभा होता. दोघं एकमेकांसमोर. दोघांच्याही हातात काही नाही.

इंद्रजितने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली. आलं जास्त झालं होतं.

"ह्यात साखर घातली का, वस्ताद?"

"इसरलो वाटतं."

आधी सुजल हसला, मग अल्ताफ, मग सगळेच. इंद्रजितलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं, त्याचं त्यालाच कळेना.

तेवढ्यात आभाळात उजेड झाला. ठिपका मोठा होत गेला, जळत जळत खाली आला, आणि टेकड्यांच्या पलीकडे कुठेतरी धप्पकन पडला. धुराची बारीक रेघ वर चढू लागली.

"नवं धूड!" सुजल ओरडला. "इंद्या, तुझं आलं!"

"लई लांब पडलं पण," अल्ताफ म्हणाला.

इंद्रजितने कप बाजूला ठेवला. रिमोट उचलला, त्यावरची माती फुंकली. टेकड्यांकडे बघितलं. मध्ये सगळं शहर पडलेलं. त्यानेच पाडलेलं.

"वस्ताद..."

वस्तादांनी कोनाड्याशेजारचं खोरं उचललं होतं. उरलेली माती उकरायची होती.

"तोफ नाही, काही नाही. एवढं सगळं अंतर. आता मी काय करू?"

खोरं मातीत रुतलं...

"चाल की. पाय हायत न्हवं?"